वाघ बोलतोय, ओव्हर

२६ ऑक्टोबर, रविवार. लाभपंचम.

आजपासून कंपनीत शिस्त. आजपासूनच रोजनिशी.

सुरतजवळ इच्छापोरच्या यार्डात आमच्या सगळ्या ट्रेलरमध्ये वायरलेस बसले. आयडिया माझी. मोबाईल कानाला लावून स्टिअरिंग फिरवणं बंद. हजीऱ्याहून स्टीलच्या कॉइल घेऊन निघालेला ड्रायव्हर कुठे आहे, हे मला केबिनमध्ये बसून कळणार. शेठने मुहूर्ताला बेस सेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आणि नारळ माझ्या हातात दिला. पहिल्या फटक्यात नारळ फुटला नाही. दुसऱ्या फटक्यात माझा अंगठा फुटला. मग दगा पुढे आला. दगा हा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर, अमळनेरकडचा. त्याने नारळ आपटलाच नाही, नुसता दोन हातांत दाबला असं बाकीचे म्हणतात. मी तेव्हा अंगठा धरून बसलो होतो. नारळाचं पाणी सेटमध्ये गेलं. सेट दुपारपर्यंत खोकत होता.

शेठने सगळ्यांसमोर सांगितलं, "तुषारभाई, एक महिनो आपुं छुं. पछी चलथाण." म्हणजे महिन्याभरात गाड्यांचा उशीर आणि ड्रायव्हरांची मारामारी थांबली नाही तर सेट विकणार, आणि मला चलथाणच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला पाठवणार. तिथे पत्र्याची शेड आहे. इथे केबिन आहे, फिरती खुर्ची आहे, काचेवर 'फ्लीट कंट्रोलर' लिहिलेलं आहे. ते मीच पेंटर बोलावून लिहून घेतलं. ही खुर्ची मी सोडणार नाही.

रेडिओवरचं माझं नाव: वाघ.

संकल्प: आवाज चढा ठेवायचा. दयामाया नाही. हात उचलायला मागेपुढे बघायचं नाही. या लोकांना भीतीची भाषाच कळते.

२७ ऑक्टोबर

एका चॅनलवर सगळे. एक बोलला की बाकी सगळ्यांना ऐकू जातं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, हे तीनदा समजावलं. कोणी म्हणत नाही.

माझं तंत्र: ड्रायव्हरला सतत वाटलं पाहिजे की आपल्यावर नजर आहे. म्हणून थोड्या थोड्या वेळाने विचारतो. कुठे पोचलात, जेवलात का, पाणी प्यायलात का, मगदल्ल्याच्या पुलावर हळू घ्या. दरारा बसतोय.

संध्याकाळी चॅनलवर कोणीतरी म्हणालं, "हो मावशी." मग बरेच जण हसले. कोणाच्या तरी मावशीचा फोन आला असावा. गाडीत मोबाईल बंद म्हटलं ना. उद्या झाडणार आहे.

३० ऑक्टोबर

यंत्रणेची पहिली मोठी परीक्षा. यंत्रणा पास.

हजीऱ्याच्या गेटवर दगाने ललितला कट मारला. ललित शिरपूरचा, बोलका आहे. पूर्वी अशा वेळी दोघे खिडकीतून एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे आणि यार्डात पोचून चहा पिईपर्यंत विसरून जायचे. आता सेट आहे. त्यामुळे भांडण गेटपासून यार्डापर्यंत अखंड चालू राहिलं, एक शब्द वाया गेला नाही. कुठला हात मोडायचा, दात किती ठेवायचे, सगळं रस्त्यातच ठरलं. बाकीच्यांनी गाड्या दामटल्या आणि बघायला वेळेआधी हजर झाले. (शेठला कळवणे: उशीर कमी.)

गाडीतून उतरताच दगाने ललितच्या तोंडावर एकच ठोसा मारला. ललित खाली पडला, पडल्यापडल्या त्याने दगाच्या पोटरीला चावा घेतला. रक्त बरंच. मी मध्यस्थी केली. म्हणजे ललितचा दात माझ्या रुमालात धरून उभा राहिलो. मग ललितचं कोपर माझ्या नाकावर आलं. ते त्याने मुद्दाम केलं नाही हे मी माझ्याकडून गृहीत धरलं. नाक सुजलंय. पण सुजलेल्या नाकाने चेहरा करारी दिसतो.

१ नोव्हेंबर

पांडेसराच्या बाजारातून डंबेल आणले. शिसवी दांडका आणला. अनुजाने विचारलं, कपडे धोपटायला का? माझ्या बायकोला माझ्या कामाचं स्वरूप कधीच समजलेलं नाही. म्हटलं, माणसं धोपटायला. ती म्हणाली, मग आधी अंगठ्याला हळद लाव.

डंबेल उजव्या पायावर पडला. व्यायामाची सुरुवात तरी झाली.

४ नोव्हेंबर

पुन्हा मारामारी. या वेळी प्रवीण. प्रवीण तरुण आहे, भेस्तानला माझ्याच गल्लीत राहतो, केसांना लाल रंग. ललितने चॅनलवर त्याच्या केसांबद्दल काहीतरी म्हटलं. प्रवीणने यार्डात येऊन व्हीलपान्याने ललितच्या गाडीचे दोन्ही आरसे फोडले, मग समोरची काच फोडली. ललितने माझ्या केबिनवरची अँटेना उपटली आणि प्रवीणच्या पाठीत घातली. वळ तासाभरात निळे झाले.

एक गोष्ट लक्षात आली. अँटेना नसतानाही सेट चालू होता, कारण 'मावशी, अँटेना गेली का' असं कोणीतरी विचारलं.

म्हणजे मावशी मीच.

हे मला आज कळलं. बाकी सगळ्यांना आठवडाभर माहीत असावं. वाईट वाटलं. खरं तर फार वाईट वाटलं. शाळेत पोरं मला घाबरत नव्हती, नाशिकला घरमालक घाबरत नव्हता, अनुजा तर नाहीच. इथे तरी सुरुवात नीट व्हावी असं वाटत होतं.

७ नोव्हेंबर

चौकशी. एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, मावशी कोण म्हणतं? प्रत्येकाने दगाचं नाव सांगितलं. शेवटी दगाला बोलावलं. दगा दारातून आत येताना तिरका होतो. तो म्हणाला, सगळेच म्हणतात साहेब, आणि मग त्याने माझ्या अंगठ्याची चौकशी केली.

कट उघड आहे. मुळावरच घाव घालायचा.

निर्णय: दगाला सगळ्यांसमोर मारणार. एक थोबाडीत. पण अशी की चॅनलवर परत कोणाचा आवाज निघू नये. हात माझा, गाल त्याचा, खुर्ची माझी.

१० नोव्हेंबर

जाहीर केलं. सेट हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की शनिवारी संध्याकाळी यार्डात दगाचा हिशोब होईल, मी स्वतः करणार, ज्याला बघायचं त्याने यावं. आवाज कणखर होता. शेवटी 'आणि जेवून या' असं तोंडातून गेलं. ती सवय आहे, धमकीचा भाग नव्हता.

मग दगा म्हणाला, बरं साहेब. पहिल्यांदाच त्याने 'ओव्हर' म्हटलं. घाबरलाय.

१२ नोव्हेंबर

वातावरण तापलंय. शेजारच्या कंपनीचे ड्रायव्हर कुंपणावरून विचारून जातात की शनिवारी नक्की ना. शनिवारच्या सगळ्या खेपा लवकर संपवायचं ड्रायव्हरांनी आपापसात ठरवलंय. शेठचा फोन आला, खूश होते, म्हणाले तुमच्या त्या वायरलेसच्या डब्यात काहीतरी जादू आहे. मी विनयाने हो म्हटलं.

तयारी: तांदळाच्या पोत्यावर थोबाडीत मारण्याचा सराव. उजवं मनगट मुरगळलं. पोतं फाटलं, म्हणजे जोर आहे. (पोतं आधीच उसवलेलं होतं असं अनुजाचं मत.)

१४ नोव्हेंबर

दगाने मला उलट मारलं तर काय, याचा शांतपणे विचार केला. तो मला मारणार नाही. मारलं तर कंपनीच्या वरिष्ठावर हल्ला होईल. वरिष्ठ मात्र मरेल.

ताप असल्यासारखं वाटलं. थर्मामीटर लावला. नॉर्मल. दुसऱ्या काखेत लावला. तिथेही नॉर्मल.

अनुजा म्हणाली, नाही गेलास तरी चालेल. मी म्हटलं, नाही गेलो तर चलथाण. ती म्हणाली, चलथाणला ताजा उसाचा रस मिळतो. अशा घरात वाघ कसा राहणार.

१६ नोव्हेंबर, रविवार. (डाव्या हाताने लिहितोय.)

कालचा दिवस ऐतिहासिक. सविस्तर नोंद.

उजेड असतानाच सगळे ट्रेलर यार्डात. गोल करून लावलेले, दिवे मधोमध रोखलेले. कुंपणावर शेजारच्या कंपनीचे लोक, शेंगा खात. मी केबिनच्या पायरीवर दांडक्याशिवाय उभा राहिलो, कारण दांडका घरी राहिला होता.

दगा आला. त्याने चपला बाजूला काढल्या, टोपी काढली आणि माझ्यासमोर वाकून गाल पुढे केला. माझा हात पोचावा म्हणून वाकला. म्हणाला, "साहेब, मारा. पन हात सांभाळा."

मी मारलं. पूर्ण ताकदीने. खट असा आवाज आला. दगाचा गाल होता तिथेच होता. माझा हात मात्र मनगटापासून भलत्याच दिशेला गेला. मी पायरीवरून खाली आलो, डोकं ट्रेलरच्या चाकावर आपटलं. दगाने खाली बसून विचारलं, "साहेब, तुमले लागनं का?"

तेवढ्यात ललित हसला. दात पडलेल्या तोंडाने हसला, त्यामुळे जास्त दिसलं. दगाने उठून ललितला असा ठोसा घातला की तो प्रवीणवर जाऊन आदळला. प्रवीणने ललितला मारलं, दुसऱ्या कोणीतरी प्रवीणला मारलं, आणि मग कोण कोणाला मारतंय याला अर्थ राहिला नाही. जॅकचे दांडे निघाले. पट्टे निघाले. एकाचं कपाळ उघडं पडलं, एकाची बोटं दारात चेंगरली. माझ्या केबिनच्या काचेवर रक्ताचे शिंतोडे उडाले, 'फ्लीट'वर जास्त. कुंपणावरचे लोकही उड्या टाकून आत आले आणि मिळेल त्याला मारू लागले. मी ट्रेलरखाली होतो. मोक्याची जागा आहे, सगळीकडचे पाय दिसतात.

तिथून मला दिसलं की प्रवीणने मागून दगाच्या डोक्यावर व्हीलपाना उगारला आहे. दगाला ते दिसत नव्हतं.

मी रांगत केबिनमध्ये गेलो, डाव्या हाताने माईक ओढला आणि गर्जना केली. सगळ्या गाड्यांतले सेट चालू होते. चारही बाजूंनी एकदम माझा आवाज घुमला आणि यार्ड जागच्या जागी थिजलं. प्रवीणने पाना खाली ठेवला.

दगाने मला ट्रेलरमधून दवाखान्यात नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर घातलं. शेजारच्या खाटेवर टाके घालून घेताना ललितने अनुजाला सांगितलं की मी माईकवर म्हणालो, "अरे लेकरांनो, लागेल ना रे कोणाला. ठेवा ते खाली." असं मी म्हटलेलं नाही. 'थांबा' म्हणालो. ललितच्या कानालाही मार लागला होता.

१९ नोव्हेंबर

मारामारी शून्य. दरारा.

चॅनलवर मात्र 'वाघ बोलतोय' म्हटलं की कोणी उत्तर देत नाही. आदराने गप्प बसत असावेत.

२६ नोव्हेंबर. शेवटचा दिवस.

सकाळी धुकं. शेठ स्वतः केबिनमध्ये येऊन बसले, माझ्या खुर्चीत. म्हणाले, गाड्या कुठे आहेत ते मला ऐकायचंय.

"वाघ बोलतोय. सगळ्यांनी ठिकाण सांगा. ओव्हर."

काही नाही. पुन्हा म्हटलं. नुसती खरखर. शेठने घड्याळाकडे बघितलं आणि चलथाणच्या शेडला नवीन पत्रे घातल्याचं सांगितलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं. पुलावर काही दिसत नसणार. ललितच्या गाडीची काच नवीन बसवली होती, पण वायपर अजून बसवले नव्हते. चार दिवस सांगत होतो. तो पुलावर असला तर. त्याच्या मागे दगा असला तर.

मी शेठकडे पाठ केली. माईक तोंडाजवळ घेतला.

"मावशी बोलतेय. कुठे आहात रे? ओव्हर."

दगा म्हणाला, पुलाच्या अलीकडे थांबलोय, दिवे लावून, ओव्हर. प्रवीण म्हणाला, त्याच्या मागे, ओव्हर. मग एकामागून एक सगळे बोलले, प्रत्येकाने 'ओव्हर' म्हटलं. ललितचं काही येईना. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज तेव्हा चढा नव्हता. मग ललित म्हणाला, "हजीऱ्यालेच शे, मावशी. वायपर नही म्हनीसन निंघनाच नही. नाश्ता करी ऱ्हायनू. ओव्हर."

मी खाली बसलो. शेठ उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि काचेकडे बघत पेंटरला फोन लावला.

२७ नोव्हेंबर

पेंटर येऊन गेला. 'फ्लीट कंट्रोलर' आता खालच्या ओळीत आहे, बारीक अक्षरात. वरच्या ओळीत काय आहे ते इथे लिहीत नाही. ही तात्पुरती व्यवस्था आहे. धुकं संपलं की वाघ पुन्हा सुरू.

पेंटरने विचारलं, बाजूला वाघाचं चित्र काढून देऊ का. मी त्याच्यावर हात उचलणारच होतो, पण त्याचा चेहरा उतरलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, सकाळपासून काही खाल्लं नाही. अनुजाने दिलेला डबा त्याला दिला आणि सावकाश खा म्हणून सांगितलं.