सहा किलो पेट्रोलचे लिटर

रोहा, बुधवार

ती. कान्हूकाकांना,

किमयाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? काकीचा खोकला उतरला का? मी बरी आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बरी नाही. (ताप वगैरे काही नाही, काकीला म्हणावं, लगेच काढा पाठवू नको.) तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच बंद करता येत नाही.

काका, त्या दिवशी तुम्ही धरमतरला धक्क्यावर उभे होतात. तुम्हाला फक्त एवढंच दिसलं, की पाहुणे येत नाहीत, वडे थंड झाले आणि ओहोटी लागली. होडीत काय झालं ते मला तुमच्या मितेशने सांगितलं. नवीन इंजिन मितेशसाठी बघितलेल्या पूजाच्या घरच्यांना दिसावं म्हणून तुम्ही त्यांना रस्त्याने न बोलावता होडी पाठवलीत. जायला तास, यायला तास. मितेशने माझ्या तपासणीच्या कागदावर तासाला लिहिलं होतं त्या हिशेबाने, वर थोडं जास्तच पेट्रोल भरलं, जाऊन त्यांना घेतलं आणि परत निघाल्यावर थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं. मग पाणी उतरलं आणि होडी चिखलात बसली. नव्या साड्या, पेढ्यांचा पुडा, पूजाचा मामा, सगळे भरती येईपर्यंत तसेच बसून. मामा म्हणाला, "पोरानं पेट्रोल इकून खाल्लं का काय?" आणि पूजाचे वडील गोविंदाशेठ म्हणाले, "ज्याला तेलाचा हिशेब नाय, तो संसार काय करनार?" (पेढे मात्र त्यांनीच संपवले, असं मितेश म्हणतो. त्यांचेच होते, म्हणून मी काही बोलत नाही.)

सोयरीक तिथेच अडकली. आणि तुम्ही पोटच्या पोराला, मितेशला, म्हणालात, "माझ्या होडीला हात लावू नको." तो इथे येऊन एका कंपनीत रोजाने लागला आहे. शिफ्ट सुटली की माझ्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसतो आणि मी वाढेन ते खातो. मीठ कमी पडलं तरी मागत नाही. आपल्या घरचा माणूस मीठ मागत नाही, यावरून काय ते समजा.

आता खरं काय ते लिहिते. चूक त्याची नाही, माझ्या कागदाची आहे.

मी कामाला आहे तिथे होड्यांची इंजिनं तपासतात तेव्हा पेट्रोल मापाने मोजत नाहीत, वजनाने मोजतात. टाकी काट्यावर ठेवायची, इंजिन तासभर चालवायचं आणि वजन किती उतरलं ते बघायचं. कारण पेट्रोल उन्हात फुगतं. सकाळचं लिटर आणि दुपारचं लिटर सारखं नसतं, किलो मात्र किलोच राहतो. (हे मला फार आवडलं होतं. वाटलं, जगात एक तरी गोष्ट दुपारी बदलत नाही.) पण पंपावर कोणी किलोने पेट्रोल देत नाही, म्हणून शेवटी लिटर काढून द्यावे लागतात. तुमच्या इंजिनाला तासाला सहा किलो लागले. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोला थोडं कमी, म्हणजे पॉइंट सात चार. सहाला त्याने भागायचं, आठ लिटर येतात. मी गुणलं. साडेचार आले. मितेश निम्म्या पेट्रोलवर सासरी निघाला.

असं का केलं, हे मी स्वतःला रोज विचारते. मी शाळेत जायच्या आधी तुम्ही मला मिठागराच्या बांधावर बसवून वजनमाप शिकवलंत. खाऱ्या पाण्याचं मापटं भरायचं, काट्यावर ठेवायचं आणि तुम्ही म्हणायचात, "किलो जास्ती, लिटर कमती. ह्ये इसरू नको गो." मी विसरले नाही. दाट खारं पाणी जड, पेट्रोल हलकं, एवढाच फरक. पण साडेचार हा आकडा मला घरचा वाटला आणि आठ परका. आमच्या वृंदा मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "किमया, पाण्यावर तरंगतं ना पेट्रोल?" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आता स्वयंपाकाला तेलाची पिशवी उघडण्याआधी वाचते. तिच्यावर छापलेलं असतं, एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. रोज हातात होती, काका. कधी वाचलं नाही.

असा चुकीचा दुसरा एकच कागद एका गिऱ्हाइकाकडे गेला होता, तो मी स्वतः जाऊन परत आणला. मॅडम म्हणतात, नोकरी राहील. मला त्याची खात्री नाही आणि ती राहावी अशी माझी लायकी आहे का, याचीही नाही. पण मितेशचं लग्न माझ्या गुणाकाराने मोडू नये. तुम्ही गोविंदाशेठना सांगा, की पुतणीने घोळ केला. माझं नाव खुशाल घ्या. उद्या माझ्यासाठी स्थळ बघाल तेव्हा त्यांनी ते चार गावांत सांगितलं तरी चालेल.

काकीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
किमया

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही, कारण ते पान तुम्ही काकीलाही वाचायला द्याल. हे वेगळं पान तुम्ही एकटेच वाचा. तो कागद देण्याआधी मी तुम्हाला फोन केला होता. भागलं तर आठ येतात, गुणलं तर साडेचार, कुठलं धरू? तुम्ही म्हणालात, "सहा किलोचे आठ लिटर? डोकं फिरलं का गो? गुन." विचारलं मीच, म्हणून चूक माझीच धरते. पण तेव्हा तुमचा फोन स्पीकरवर होता आणि मितेश तुमच्या शेजारी बसून जाळं विणत होता. मधेच त्याचा आवाजही आला होता, म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. होडीत, धक्क्यावर, इथे पायरीवर, कुठेच त्याने ते तोंडातून काढलेलं नाही. मला म्हणतो, "मीच जोरात चालवली असंल."

ता. क. दुसरं. रविवारी पूजा एकटी रोह्याला येणार आहे, मला भेटायला. फोनवर म्हणाली, "मला फक्त येवढंच सांग, हिशेब कुनी केला." मला खोटं बोलता येत नाही, तेही तुम्हीच शिकवलंत. म्हणून शनिवारी तुम्ही इकडे यावं. मितेशची शिफ्ट दुपारी सुटते.