डाव्या दाराचा रंग

एहिमे, १४ ऑक्टोबर

पूज्य तोमिए वन्सं यांस,

सुएनोचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ओसाकात आता गारवा सुरू झाला असेल.

ह्यांनी ट्रक रंगवायला घेतला त्या सकाळी मी भात लावला, सूपमध्ये मुळ्याच्या फोडी टाकल्या, ह्यांचे मोजे वाळत घातले, कोंबड्यांना दाणे टाकले. शेडमधून स्प्रेच्या डब्याचा फुस्स फुस्स आवाज येत होता. समुद्राच्या वाऱ्याने आपला छोटा ट्रक गंजला होता. गॅरेजवाल्याला कशाला द्यायचा, मीच रंगवतो, म्हणाले होते. भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

रंग काही नीट बसला नाही. टपावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला. डास चावतात म्हणून ह्यांनी शेजारीच कॉइल पेटवली होती. तिची राख पंख्याने उडून ओल्या रंगात बसली. पांढऱ्यावर सगळे राखाडी ठिपके. आणि डाव्या दारावर एक ओघळ.

बागेतली मिकान संत्री तोडायला आली, ट्रक तर लागणारच. म्हणून मीच वाचनालयातून रंगकामाचं पुस्तक आणलं. अडलेले शब्द कोशात बघत वाचलं. शेजारचे हामाओका मदतीला आले. ठिपके बघून म्हणाले, "रंगाच्या वाफेत कॉइल? अहो वहिनी, हा गडी शेडसकट उडाला असता की!"

मग त्यांनी जीभ चावली. मीच म्हटलं, "उडाले नाहीत. बसा, चहा घ्या."

पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायचा. राख निघाली. टप गुळगुळीत झाला. एका कोपऱ्यात मी जास्तच घासलं, तर खालचं लाल अस्तर दिसायला लागलं.

"झालं! तुम्हीपण त्याच्याच पंगतीत!" हामाओका म्हणाले.

मी हसले. किती दिवसांनी हसले, पण आत काही हललं नाही.

दाराला मात्र मी हात लावत नव्हते. हामाओका म्हणायचे, "जाड रंग वरून वाळतो, आतून ओलाच राहतो. आधी धारदार पातीने ओघळ कापा, मग घासा. नाहीतर पापुद्रा सुटेल आणि दार गंजून जाईल." मी उद्या उद्या करत राहिले.

वन्सं, तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, कात्सुजी कसा गेला, जवळ कोण होतं. मी दर वेळी हवापाण्याचं लिहून पाठवते. तो ओघळ दाराच्या मुठीपासून खालपर्यंत गेलाय. तिथे ह्यांचं बोट डब्यावरून उठलंच नाही. हे बसत बसत खाली गेले आणि रंग दारावर येत राहिला. फुस्स आवाज एकसारखा यायला लागला, म्हणून मी बघायला गेले. जवळ कोणी नव्हतं. चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता, हे खरं सांगते.

हामाओकांना हे मी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खिशातली पाती काढून सीटवर ठेवली. "मला नाही जमायचं, वहिनी. तुम्हीच ठरवा," म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी ओघळ कापला. आत रंग अजून मऊ होता. दार घासलं, पुसलं, ट्रकमध्ये मिकानचे क्रेट भरले आणि शेतकऱ्यांच्या सोसायटीत देऊन आले.

तुमच्या भावाची बायको,
सुएनो