हल्ला की धडक

दिमोना, शुक्रवार दुपार

ती. आक्कास,

इलायजाचा पाया पडून शालोम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे. (तुझ्या भावजयीचं, शेगुलाचं, मत वेगळं आहे, पण पत्र मी लिहितोय.)

मंगळवारी आपल्याकडे पोलीस येऊन गेले. घाबरू नकोस, चहा पिऊन गेले. झालं असं, की आमच्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष मसूद ओहायोन (मूळचे मोरोक्कोचे, आवाज भोंग्यासारखा) माझ्या कढीपत्त्याच्या झाडावर टपून होते. मुळं पाइपात शिरतात म्हणे. एकवीस वर्षांचं झाड, तू दिलेल्या बियांचं! मंगळवारी सकाळी ते करवत घेऊन अंगणात उतरले, आणि त्याच वेळी मी माझ्या बॅटरीवरच्या तीनचाकीतून फाटकात शिरलो. करवत एकीकडे, अध्यक्ष दुसरीकडे, वाळत घातलेल्या चादरींत. त्यांचं पाऊल टम्म सुजलं. मी सरळ माणूस, स्वतःच पोलिसांना फोन केला.

इथे घोटाळा झाला. हिब्रूत धडकेला म्हणतात हितनगशूत. आणि राजकारणापायी कुणाच्या जिवावर उठणं म्हणजे हितनकशूत. चाळीस वर्षं ही भाषा बोलतोय, पण घाबरलो की माझी जीभ परत रेवदंड्याला जाते. मी म्हणालो, ‘अध्यक्षांवर हितनकशूत झाली, मीच केली.’ (कुठले अध्यक्ष, देशाचे की इमारतीचे, ते सांगायच्या आत फोन ठेवला गेला.) चार मिनिटांत दोन गाड्या. एका पोलीस पोरीने विचारलं, तुमची संघटना कोणती? मी खरं ते सांगितलं, सोमवारी जुनी मराठी गाणी म्हणणाऱ्यांची.

उलगडा झाल्यावर ती पोट धरून हसली. मग तिने मला नीट समजावलं, की हा शब्द कुणालाही लागू होत नाही. साध्या माणसावर हल्ला झाला तर तो नुसता खुनाचा प्रयत्न. ह्याला पुढारी लागतो, मंत्री लागतो. तो मेलाच पाहिजे असं नाही, प्रयत्न पुरतो. ओहायोन बर्फाच्या टपात पाय सोडून सगळं ऐकत होते. ती वहीत ‘धडक’ लिहायला लागली तसा त्यांनी हात वर केला आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाले, “ताई, ‘ग’ नको. ‘क’च लिहा.”

तिने ‘ग’च लिहिला. पण तेव्हापासून भाजीवाल्यापासून प्रार्थनेच्या बाकापर्यंत ते सांगत फिरतात, ‘माझ्यावर हितनकशूत झाली त्या दिवशी...’ लोक उठून जागा देतात. काल त्यांच्या बायकोने, फोर्तुनाने, आम्हाला तिखट मासळी पाठवली. करवतीचं विचारलं तर म्हणाले, “इलायजा, ज्याच्या जिवावर लोक उठतात, त्याने कढीपत्त्याशी भांडणं शोभतं का?” झाड उभं आहे, आज आमटीला पानंही तोडली. एकूण बरं चाललंय.

तुझा धाकटा,
इलायजा

ता. क. तुझा बेनी पुरीमच्या सणाला इकडे येतोय ना? त्याच्याबरोबर बंद गळ्याचं एक जाकीट शिवून पाठव. छाती चव्वेचाळीस, पोट त्याहून जास्त. माझ्यासाठी नाही. अध्यक्षांना फोटो काढायचाय.

आणखी एक. फोनवर शेगुलाजवळ बोलू नकोस, पण तीनचाकीचा ब्रेक उत्तम आहे. मंगळवारीही होता.