जिन्यातला उलटा खांब

४ जानेवारी

पुस्तक धाकटीला दिलं! बंगल्याचा इतिहास लिहायचं काम — माझ्या धाकट्या जावेला! मी जिना पुसत होते. कारकुनाने जाता जाता सांगितलं, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. मुख्य विश्वस्त म्हणाले म्हणे, त्या कॉलेजात इतिहास शिकवतात, त्यांना लिहायची सवय आहे. बाईंनी लागेल ती माहिती द्यावी.

बाई म्हणजे मी. बावीस वर्षं हा बंगला झाडते, पुसते, आल्यागेल्याला फिरवून दाखवते. धाकटीला तो पहिल्यांदा दाखवला तोही मीच, तिचं लग्न ठरलं तेव्हा, मोठ्या हौसेने. माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा.

५ जानेवारी

दीर मिठाई घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, घरातलं काम घरातच राहिलं, बरं झालं. मी म्हटलं, हो ना, फारच बरं झालं. इतकी हसले की गाल दुखले.

९ जानेवारी

धाकटी रेकॉर्डर घेऊन हजर. म्हणाली, पाहुण्यांना दाखवता तसंच दाखवा, काही गाळू नका. दाखवलं. काय करणार?

बटणांच्या एका कारखानदाराने एकशे तीस वर्षांपूर्वी बांधलेला व्हिक्टोरियन थाटाचा बंगला. छपराच्या कडेने लाकडाची झालर, रंगीत काचा, प्रत्येक खोलीत फरशीची नक्षी वेगळी. दाराच्या मुठीसुद्धा चिनी मातीच्या, त्यावर फुलं. शेजाऱ्याच्या बंगल्याला एक मनोरा होता म्हणून याने दोन बांधले. दुसऱ्यात चढायला जिनाच नाही, नुसता बाहेरून दिसायला. हे ऐकून लोक नेहमी हसतात. मलाही पूर्वी हसू यायचं. हल्ली तो माणूस मला फार कळतो.

मग जिना. कठड्याला अठ्ठेचाळीस कातीव खांब, सगळ्यांचं पोट खाली, मान वर. वरून सातवा तेवढा उलटा. तिथे मी थांबते, आवाज खाली आणते. मालक म्हणाला होता, माझ्या घरात एकही चूक सापडणार नाही. म्हाताऱ्या सुताराला ते लागलं. शेवटच्या दिवशी त्याने एक खांब उलटा बसवला आणि मालकाला सांगितलं — माणसाचं घर आहे, चूक असू द्या.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, ताई, हे तर सगळ्या पुस्तकाचं काळीज आहे.

१० जानेवारी

इथे लिहायला हरकत नाही. सुतार नाही, मालक नाही — तो खांब मी उलटा बसवला.

नोकरीचा पहिलाच महिना. पॉलिश करताना खांब निखळून हातात आला. घाबरले. विश्वस्त गावाला गेलेले, तेवढ्यात सरस आणून चिकटवून टाकला. आठवड्याने लक्षात आलं, पोट वर! तोवर सरस असा धरला होता की हलेना. एका पाहुण्या बाईने विचारलं, हा असा का? आणि म्हातारा सुतार माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. त्या बाईने मला नमस्कार केला. पुढच्या खेपेला मालकही बोलायला लागला.

१७ जानेवारी

धाकटीने जेवणानंतर लिहिलेलं वाचून दाखवलं. शब्द न् शब्द माझा! माझे विनोद, माझं थांबणं, "आता जरा पायाखाली बघा" हेसुद्धा. सासूबाई तिला म्हणाल्या, किती गोड लिहितेस गं. नवरा मान डोलावत होता. बावीस वर्षांत त्याने एकदाही माझ्याबरोबर बंगला पाहिलेला नाही.

मी उठून भांडी घासायला बसले. दोन कप फुटले. फुटू देत.

२३ जानेवारी

आज विचारत होती, ताई, तुमचं माहेरचं आडनाव काय? कशाला हव्यात नसत्या चौकशा? सांगितलं. मग जिन्यापाशी उभं करून माझा फोटो काढला. पदर नीट घेऊ दिला नाही, म्हणे असाच छान दिसतो. असेल कुठल्या तरी पानाच्या कोपऱ्यात, "माहिती देणाऱ्या बाई" म्हणून, हातात फडकं घेऊन.

२ फेब्रुवारी

माझ्या कपाटात साड्यांखाली एक फोटो आहे. आठ वर्षांपूर्वी बंगल्यातल्या मोठ्या आरशाच्या पाठीमागे सापडला होता. कारखानदाराची मुलगी जिन्यात उभी, मागे सगळा कठडा. एकेक खांब मोजता येतो. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सरळ. तेव्हा घरी आणून लपवला — मी पकडली जाईन म्हणून.

आता पकडली जाईल ती धाकटी. इतिहास शिकवणारी आणि एवढंही तपासलं नाही? मी काय, ऐकीव सांगणारी अडाणी बाई. छापणार आहे ती.

३ फेब्रुवारी

विश्वस्तांना नाही पाठवला. फोटो परत साड्यांखाली ठेवला.

६ फेब्रुवारी

बाहेरगावचे पाहुणे आले होते. मी नेहमीप्रमाणे पुढे झाले. मुख्य विश्वस्तांनी माझी ओळख करून दिली — "या आमच्या लेखिकेच्या जाऊबाई."

बावीस वर्षं!

७ फेब्रुवारी

पाठवला. पाकिटावर नाव नाही. फोटोच्या मागे फक्त लिहिलं, सातवा खांब पाहावा. डाव्या हाताने लिहिलं.

परत येताना भाजी घ्यायची विसरले. नवऱ्याने विचारलं, लक्ष कुठे आहे? फार दिवसांनी पोटभर जेवले.

१२ फेब्रुवारी

बोलावणं आलं. धाकटी आधीच उभी होती. टेबलावर फोटो, शेजारी तिचं बाड. मुख्य विश्वस्त आवाज न चढवता बोलत होते, ते जास्त वाईट. सगळ्या पुस्तकाचा डोलारा या खांबावर, आणि खांबच खोटा. बाकीच्यावर लोकांनी विश्वास का ठेवायचा? पुस्तक रद्द. छापखान्याला काल कळवलंसुद्धा.

मग माझ्याकडे वळले. ही गोष्ट यांना कुणी सांगितली? धाकटी मध्येच म्हणाली, "त्यांचा काही संबंध नाही. तपासायचं काम माझं होतं, मी नाही केलं."

जिन्यावरून आम्ही दोघी बरोबर उतरलो. सातव्या खांबापाशी ती थांबली, त्याच्या पोटावर हात ठेवला. म्हणाली, गोष्ट मात्र सुंदर होती, ताई. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं, दारापर्यंत.

१५ फेब्रुवारी

छापखान्याने सामान परत पाठवलं. कारकुनाने गठ्ठा माझ्याकडे टाकला, म्हणाला रद्दीत घाला. मजकूर विश्वस्तांनी पाहिला होता. मुखपृष्ठ छापखान्यातच होतं, ते आज पहिल्यांदा आलं.

वर बंगला, दोन्ही मनोऱ्यांसकट. मागच्या बाजूला पानभर माझा फोटो, जिन्यात उभी, पदर तसाच. आणि पुढे मोठ्या अक्षरांत: लेखिका — माझं नाव. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं. त्याखाली अगदी बारीक: ऐकून उतरवून घेतलं, धाकट्या जावेने.

दुपारी ती डबा द्यायला आली. गठ्ठा दिसला तशी ओशाळली, म्हणाली, छापून झाल्यावर तुमच्या हातात द्यायचं होतं. मग जवळ बसली. "ताई, तो फोटो कुणी पाठवला असेल हो?"

मी म्हटलं, काय की बाई.