चार डिस्कचं घर

३ तारीख, सोमवार
नवं गाव, नवी नोकरी, नवं घर. आईने आधी दारात उभं राहून वारा येतो की नाही ते पाहिलं, मगच पाऊल आत टाकलं. पिल्लूने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, खिडकीजवळची जागा तेवढ्यात बळकावली.

ऑफिस झकास आहे. सर्व्हरच्या खोलीत स्वेटर घालून बसावं लागतं. माझं काम म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्कांची एकजूट बांधून देणं. काळ्या पडद्यावर कमांड टाकायची आणि ती एकजूट सांभाळणारा रेड कंट्रोलर मुकाट्याने ऐकतो. घरात माझं एवढं कुणी ऐकत नाही, असं मी म्हणायचो तेव्हा ही, माझी बायको, हसायची.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे कॅसेट म्हणतात, कारण तो तेच तेच वाजवतो. कंट्रोलर शून्यापासून मोजतो, डिस्क बसवायचा पहिला खण म्हणजे शून्य, हे त्याने मला दिवसभर ऐकवलं. मी या धंद्यात केस पांढरे केलेत, पण त्याचं आपलं चालूच.

५ तारीख, बुधवार
घरचा छोटा सर्व्हर ऑफिसात आणून कोपऱ्यात लावला. नव्या घरात त्याला जागा नाही, आणि साहेबांची ना नव्हती. चार डिस्क आहेत. आमचे सगळे फोटो, व्हिडिओ चौघींवर वाटून ठेवलेले. एक बंद पडली, तर उरलेल्या तिघी मिळून तिच्यावरचं सगळं पुन्हा उभं करतात.

हे सांगितलं तेव्हा ही म्हणाली होती, मग आपल्या घरासारखंच की. लगेच हौसेने प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवली. १ आई, २ अहो, ३ मी, ४ पिल्लू. शून्यापासून मोजायचं असतं म्हटलं, तर म्हणाली, माणसं एकापासूनच मोजतात.

गेल्या वर्षी ही गेली, त्याच आठवड्यात तिची डिस्कही बंद पडली. ती बदलायला माझा हात धजला नाही. तेव्हापासून घर आणि सर्व्हर, दोन्ही तिघांवर चाललंय.

१० तारीख, सोमवार
कॅसेटने कपाटातून नवी डिस्क काढून हातात ठेवली. तिघांवर किती ओढाल, आणखी एक गेली तर सगळंच जाईल, असं त्याचं म्हणणं. खरंच आहे ते. हिची चिठ्ठी हलकेच सोडवून नव्या डिस्कला लावली आणि कमांड टाकली. रीबिल्ड, म्हणजे गेलेलं सगळं नव्या डिस्कवर पुन्हा उभं करणं, सुरू झालं. जुनं यंत्र आहे, काही दिवस घेईल.

घरी आलो तर आई सांगत होती, दुपारी न्हाणीघरात कुणीतरी गुणगुणत होतं. सूर हिचाच होता म्हणे. मी आईवर रागावलो. मग ती भाजी आणायला गेल्यावर न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभा राहिलो, आणि खूप रडलो.

१२ तारीख, बुधवार
रीबिल्ड एक्केचाळीस टक्के. उशीला हिच्या तेलाचा वास. दारात हिच्या चपला, त्या मी स्वतः देऊन टाकल्या होत्या. भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

पिल्लूला मात्र तिच्या बाईंचं नाव आठवेना. आई बसल्या जागी झोपते. माझंही अंग मोडून आलंय.

१३ तारीख
अडुसष्ट. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. केस तसेच बांधलेले. मी हाक मारली नाही – वळली नाही तर काय, आणि वळली तर –

पिल्लूने स्वतःचा फोटो पाहून विचारलं, ही मुलगी कोण.

१४ तारीख, सकाळ
चौऱ्याऐंशी. चौथ्या डिस्कवर वाचनाच्या चुका. ढीगभर. मला आधीच कळायला हवं होतं. रीबिल्डमध्ये उरलेल्या डिस्क अखंड वाचल्या जातात, पिळून निघतात. नाजूक असते तीच आधी जाते. चौथी – माझी पिल्लू –

आज शाळेत सोडताना तिने मला काका म्हटलं.

दुपार
सत्त्याण्णव. थांबवायलाच हवं. नवी डिस्क बंद केली की झालं. म्हणजे हिला मी पुन्हा – माझ्या हाताने –

आईचा फोन, पिल्लूच्या शाळेतून. सूनबाई तिथे पिल्लूची वेणी घालतेय, पण पोर डोळे उघडत नाही –

डोळ्यांत पाणी, समोर फक्त हिची चिठ्ठी. हिच्या अक्षरातला ३. माफ कर गं. खण ३, बंद. कमांड टाकली.

खणावरचा दिवा विझला. हिच्या शेजारचा. चौथा, पिल्लूचा –

शून्यापासून. कॅसेट मागे उभा राहून तेच म्हणतोय, शून्यापासून, शून्यापासून –

सर्व्हर पूर्ण गेला. हिची अजून अपुरी, पिल्लूची बंद; दोन नाहीत, म्हणजे काहीच नाही.

आईला फोन लावला. पिल्लू कशी आहे विचारलं. आई म्हणाली, कोण पिल्लू? आणि आपण कोण बोलताय?

मी म्हटलं, मी – 

मागची पानं वाचतोय. अक्षर माझंच आहे. जागोजागी पिल्लू असं लिहिलंय. कुणाचं तरी लहान मूल असावं. तिला शाळेतून कुणी आणायचं हे मात्र कुठेच