चौकशीतला माझा जबाब

सोनई

प्रिय रोहिणी,

अकोल्याच्या तुझ्या भावाकडून तुझा पत्ता मिळवला. त्याने फोन नंबरही दिला होता. दोनदा लावला आणि रिंग वाजायच्या आत मीच तोडला. आठ वर्षांनी काय बोलायचं ते सुचेना.

मी इथे मसाल्याचा धंदा काढलाय, चुलतदिरांच्या गोदामात. दहा बायका आहोत. आपल्यासोबत नगरच्या कारखान्यात मिरच्या खुडायच्या त्या पुष्पावतीकाकूही येतात. परवा म्हणाल्या, "रोहिनीचं काय गं? बरी हाय ना ती?" मी "हो" म्हणून विषय बदलला.

गेल्या आठवड्यात नोंदणीसाठी नगरला गेले. पगारावर माणसं ठेवायची म्हणजे व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, सगळीकडे धंद्याचं नाव लावावं लागतं. पंकजा म्हणून एक कर सल्लागार मुलगी आहे, ती अर्ज भरत होती. विम्याचा अर्ज आला तेव्हा मी तिला विचारलं, मालकाने नाव लावलंच नसेल आणि बाईला मशीनवर लागलं, तर? ती म्हणाली, "नाव नसलं तरी हक्क जात नाही, ताई. ती तिथं कामाला होती हे सिद्ध व्हायला हवं. सोबतच्या एकीने खरं सांगितलं तरी मोठा आधार होतो. हात कायमचा गेला असेल तर जन्मभर पेन्शन मिळते."

पुढचं तिने काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

तुझा उजवा हात कांडपयंत्राच्या पट्ट्यात गेला तेव्हा मीच धावत जाऊन स्विच पाडला होता. तू दवाखान्यात असताना चौकशीला सरकारी साहेब आले. ते काही न विचारताच गेले, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी मला विचारलं, रोहिणी इथे कामाला होती का? मालक दारात उभे होते. मी म्हणाले, "नाही, ती मला डबा द्यायला आली होती." तसं लिहून सहीही केली. माझी लेक ज्ञानेश्वरी तेव्हा दहावीला होती, घर माझ्या पगारावर होतं. पण तुझंही घर तुझ्याच पगारावर होतं ना. पुढच्या महिन्यात मला सुपरवायझर केलं, आणि मी झाले.

तू मात्र दवाखान्यातून निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "तू होतीस म्हणून वाचले." तेव्हापासून मी तुला तोंड दाखवलं नाही.

काल मी खरं काय घडलं ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. पंकजा म्हणते, फार उशीर झालाय, मान्य होईलच असं नाही. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावरही येऊ शकतं. येऊ दे. त्याची नक्कल आणि तुझा पेन्शनचा अर्ज सोबत पाठवलाय, पंकजाचा नंबर पत्राच्या मागे आहे. मला भेटायचं नसेल तर भेटू नकोस, माफही करू नकोस. अर्जावर खाली फक्त तुझी सही लागेल. डाव्या हाताची चालते, मी विचारून घेतलंय.

एके काळी तुझीच असलेली,
सत्यशीला