न नाकारलेल्या चार शिफ्ट

आई,

तुला एक कोडे घालते. त्याचे उत्तर तुला येत होते, पण हे कोडे आहे असे तू कधी बोलून दाखवले नाहीस. आपल्याकडे कुणाला जेवायला बोलावले की तो सहसा ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघतो’, ‘जमलं तर येतो’, ‘कळवतो’ असे म्हणतो आणि कळवत नाही. दहा जणांना बोलवावे, एकानेही नकार देऊ नये, तरी घरच्या बाईने सातच पाने मांडावीत आणि बरोबर सातच माणसे यावीत, हा प्रकार कुणीही आपापल्या घरी पाहिलेला असेल. मग नकार दिला कुणी? आणि दिलाच नसेल, तर तो तिच्यापर्यंत पोचला कसा? इतकी वर्षे मी ही गंमत म्हणून लोकांना सांगत आले. या हिवाळ्यात कॅल्गरीतल्या माझ्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, ह्याच कोड्याने मला एका सरकारी पत्रासमोर आणून बसवले, म्हणून तुला सविस्तर लिहिते आहे. समजावून सांगायची माझी खोड तुला ठाऊक आहे. तू पोळी लाटताना मी तुला वाफेचे गुणधर्म समजावत असे आणि तू म्हणत असस, “कळलं, आता तवा उतर.”

मिरजेची आपली खानावळ आजही मला सकाळच्या वेळीच आठवते. वैद्यकीय कॉलेजची मुले आणि बँकेतले दोघे-तिघे कामावर निघालेले, तू दारात उभी, कोपरापर्यंत पीठ लागलेले. जाणाऱ्या प्रत्येकाला तुझा एकच प्रश्न असतो, “संध्याकाळी धरू का जेवायला?” आत फळीवर प्रत्येकाचा स्टीलचा पेला उपडा ठेवलेला आहे. ‘हो’ म्हणणाऱ्याचा पेला तू सुलटा करतेस, ‘नको’ म्हणणाऱ्याचा तसाच राहू देतेस, आणि सुलट्या पेल्यांकडे एक नजर टाकून परातीत पीठ घेतेस. ‘बघतो, काकू’ म्हणणाऱ्याचा पेलाही तू हलवत नाहीस. मी विचारते, “तो नाही कुठे म्हणाला?” तू म्हणतेस, “म्हणाला की. तोंडाने नसेल म्हणाला.” ही तुझी पद्धत किती काटेकोर होती, हे मला फार उशिरा उमगले. तू शब्द मोजत नव्हतीस. ‘हो’ ऐकू आले तरच पेला फिरत असे, बाकी सारे एकाच रकान्यात.

एका दिवशी भाकऱ्या करणाऱ्या मावशी आल्या नाहीत. तू मला संध्याकाळी लवकर ये म्हणालीस आणि शाळेच्या नाटकाची तालीम डोक्यात ठेवून मी म्हणाले, “बघते.” तालीम आटोपून आले तर चुलीपुढे शेजारच्या काकू भाकऱ्या थापत होत्या. न आल्याबद्दल ओरडा बसेल म्हणून मी सबबी तयार ठेवल्या होत्या. तू ओरडली नाहीस. “तू ‘बघते’ म्हणालीस तेव्हाच मी काकूंकडे जाऊन आले,” म्हणालीस. “येत नाही याचा राग नाही गं. पण नकार आपण द्यायचा आणि तो ओळखायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, ही लबाडी झाली. मला ओळखता येतं. सगळ्यांना येईलच असं नाही.” तेव्हा तुझे शेवटचे वाक्य मी ऐकून सोडून दिले. खरा मुद्दा त्यातच होता.

आता इकडचे सांगते. एका ऑफिसात इंजिनिअर म्हणून नव्या माणसांना सुरक्षिततेचे नियम शिकवणे हे माझे काम होते आणि ते मला अतोनात आवडत असे. मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमचा आख्खा विभाग बंद झाला. अशा वेळी इथे बेरोजगारी विम्याचा भत्ता मिळतो. सगळे त्याला नुसते ‘ईआय’ म्हणतात. त्याची रचना पाहून मी अक्षरशः खूश झाले होते, कारण ती विश्वासावर उभी आहे. काम गेले तर दुसरे मिळेपर्यंत सरकार हात देते. बदल्यात दर दोन आठवड्यांनी आपण संगणकावर काही साध्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. त्यातला एक प्रश्न असा की सोमवार ते शुक्रवार, रोज, तुम्ही काम करायला तयार, इच्छुक आणि सक्षम होतात का? शिवाय सुरुवातीलाच एका पानावर आपल्या जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात. देऊ केलेले काम नाकारले तर कळवावे, ही त्यातली एक. ते पान मी दोनदा वाचले होते. शिकवणारी बाई ना मी.

आधीचे वर्षभर मी शनिवार-रविवारी एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात ‘कॅज्युअल’ म्हणून जात असे, म्हणजे कायमची नेमणूक नाही, गरज पडली की बोलावणे यायचे. केसांवर जाळीची टोपी घालून आजी-आजोबांना वाढायचे, ट्रे लावायचे. तुझी आठवण येई म्हणूनच ते काम धरले होते. ऑफिस सुटल्यावर तिथून आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी मेसेज येऊ लागले. पाळ्या लावणारी बाई लुधियान्याची, माझ्याशी हिंदीत बोलणारी. दुपारी तिचा मेसेज यायचा, “दीदी, कल सुबह छह बजे की शिफ्ट है, लोगे?” मी लिहायची, “देखती हूँ जी, बताती हूँ।” आणि सांगायची नाही. असे चार वेळा झाले. दोन आठवड्यांनी ‘तयार, इच्छुक, सक्षम’ हा प्रश्न आला की मी ‘हो’वर टिचकी मारत असे. काम नाकारले का? छे, मी ‘नाही’ म्हणालेच नव्हते! आई, मी खोटे बोलते आहे असे मला खरोखर वाटत नव्हते. मी सभ्यपणे वागत होते.

मग भत्त्याच्या ऑफिसकडून पत्र आले. चार तारखा दिल्या होत्या, त्या दिवशी देऊ केलेल्या कामाबद्दल खुलासा हवा होता, आणि अमुक दिवशी सकाळी दहाला एक अधिकारी फोन करतील असे लिहिले होते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर भत्ता थांबेलच, शिवाय माझ्या नावापुढे ते कायमचे नोंदले जाईल. सुरक्षिततेचे नियम शिकवणाऱ्या बाईला मग कोण उभे करणार? पण खरे सांगते, पत्र वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न ‘आता काय होईल’ हा आला नाही. ‘सांगितले कुणी’ हा आला.

आणि मी तो पद्धतशीर सोडवायला घेतला. वही काढली, रकाने आखले: कुणाला काय ठाऊक होते, कधीपासून, सांगून कुणाचा काय फायदा. फिरून फिरून एकच उत्तर निघे. माझी एक मैत्रीण आहे, नागपूरची, एकटीने लेक वाढवणारी. तिला त्या स्वयंपाकघरात मीच चिकटवले होते. एकदा गाडीत ती म्हणाली होती, “तुझी तर मज्जा आहे बाप्पा! मला इथे विंटर टायर्स बदलायला पण वेळ नाही भेटून राहिला.” तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य वहीत पुरावा म्हणून उतरले. त्यानंतर जे दिसेल ते पुरावाच होऊ लागले. तिने मेसेज वाचून दोन दिवस उत्तर दिले नाही, हा पुरावा. तिसऱ्या दिवशी फारच गोड उत्तर दिले, हा तर जास्तच. भारतीय दुकानात ग्रोसरी घेताना ती दिसली आणि मी डाळींच्या रांगेआड झाले. तिने मला पाहूनही हाक मारली नाही, असे मी घरी येऊन लिहिले. तिने मला पाहिलेच नसेल, हा रकाना मी आखलाच नव्हता. तीन आठवडे मी तिचा फोन घेतला नाही.

त्या अवधीत एका रविवारी दुपारी मी काही जणांना जेवायला बोलावले. तिला वगळले असते तर दिसले असते, म्हणून मेसेज टाकला, “जमलं तर ये.” तिने लिहिले, “बघते गं.” मला समाधानच वाटले. तिचा पेला मी उपडा ठेवला. पाच पाने मांडली, पाच माणसे बसली, पहिला वरणभात वाढून झाला आणि दार वाजले. दारात ती, खांद्यावर बर्फ, हातात पुडाच्या वड्यांचा डबा.

“अगं बाई, तू आलीस?” माझ्या तोंडून निघून गेले.

“म्हणजे? बोलावलं होतंस ना?” बूट काढता काढता तिने टेबलाकडे पाहिले. मोजायला तिला वेळ लागला नाही. “अच्छा. मला धरलंच नव्हतंस.”

“तू ‘बघते’ म्हणालीस, म्हणून…”

“मी खरंच बघून राहिली होती ना! आजची शिफ्ट कन्फर्म नव्हती. तू न येण्यासाठी ‘बघते’ म्हणतेस, म्हणून काय सगळे तसंच म्हणतात?” ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “तुझ्या त्या ‘बघते’चं पुढे काय होते, माहीत आहे तुला? ती पाळ्या लावणारी दीदी तुझी वाट पाहत बसते, अन् पहाटे पावणेपाचला मला फोन करते. चारपैकी दोन शिफ्ट मी केल्या. लेकीला झोपेतून उचलून, शेजारणीच्या सोफ्यावर टाकून. तू आदल्या दिवशी सरळ नाही म्हणाली असतीस, तर मी पोरीची काही तरी सोय केली असती की नाही?”

मी विचारायचे नव्हते ते विचारले. “म्हणून तू त्या ऑफिसला कळवलंस?”

“कोणत्या ऑफिसला?”

मी तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिले, अगदी वहीत नोंद करायची असल्यासारखे. तिथे काही नव्हते. मग हळूहळू तिच्या लक्षात आले. “म्हणजे तीन आठवडे तू फोन उचलून नाही राहिली, ते यासाठी?” तिने कपाट उघडले, स्वतःच एक ताट काढले, एक पेला काढला आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना म्हणाली, “सरका जरा, लेट झाली मी.” त्या दिवशी तिने माझ्या घरी जेवण केले, पण माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लुधियानावालीला फोन केला. “नहीं दीदी, किसी ने कुछ नहीं बोला,” ती म्हणाली. “शाम तक पक्का जवाब ना आए तो सिस्टम अपने आप ‘डिक्लाइंड’ लिख देता है। उधर वालों ने रिकॉर्ड माँगा, ऑफिस ने भेज दिया। मैं फिर भी सुबह तक आपका इंतज़ार करती थी, आपने देखती हूँ बोला था ना।” आई, त्या यंत्राला मिरज माहीत नाही, पण ‘हो’ न म्हणणाऱ्याचा पेला ते उपडाच ठेवते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून थांबली ती फक्त ती बाई. आणि त्या विश्वासाची झळ पहाटे एका झोपलेल्या मुलीला लागली.

ठरल्या दिवशी दहाला फोन आला. समोरच्या बाईंचा आवाज इतका मऊ होता की मला त्याचाही संशय आला. “टेक युवर टाइम, मॅम,” असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. माझ्यापुढे दोन पाने टिपण होते: आमच्याकडे नकार कसा देतात, त्यामागचा सौजन्याचा विचार, उदाहरणांसह. टिपण उत्तम होते. मी ते वाचून दाखवले असते तर त्यांना कदाचित पटलेही असते, कारण समजावून सांगणे मला येते. त्यांनी विचारले, “डिड यू रिफ्यूज दीज शिफ्ट्स?” आणि मला दारात उभी असलेली तू दिसलीस. मी म्हणाले, “येस. ऑल फोर.” कारण विचारले तेव्हा तेही सांगितले. शनिवारी ट्रे लावताना मी हौसेने वाढणारी इंजिनिअर असे. मंगळवारी तीच जाळीची टोपी घातली असती तर मी फक्त ट्रे लावणारी बाई झाले असते, आणि त्याची मला लाज वाटत होती. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. काही आठवड्यांचा भत्ता गेला आणि ताकीद मिळाली. तेवढ्यावर निभावले. आता मेसेज आला की त्याच मिनिटाला ‘हाँ’ किंवा ‘नहीं’ लिहिते, आणि बहुतेक वेळा ‘हाँ’. मैत्रीण बोलू लागली आहे, मात्र मी जेवायला बोलावले की आधी विचारते, “धरलं आहेस ना पण?”

यातून मी एक परीक्षा बसवली आहे. फार सोपी आहे, हे पत्र कुणाच्या हाती पडलेच तर त्यानेही करून पाहावी. ‘बघते’ असे तोंडून निघाले की लगेच, दुसरा विचार यायच्या आत, स्वतःलाच विचारायचे: धरू का जेवायला? आतून ‘हो’ आले तर ‘बघते’ खरे. दुसरे काहीही आले, किंवा काहीच आले नाही, तर तो नकार, आणि तो समोरच्याला तेव्हाच सांगून टाकायचा.

ही परीक्षा मी मागच्या गोष्टींवरही लावत बसले, आणि एका ठिकाणी अडले. तुझा शेवटचा फोन. खानावळ बंद होऊन किती वर्षे झाली होती, तरी तू त्याच शब्दांत विचारलेस, “दिवाळीला धरू का तुला?” मी म्हणाले, “बघते आई, सुट्टी मिळाली तर.” तू म्हणालीस, “बरं.” सुट्टी मी मागितलीच नव्हती. ती तुझी शेवटची दिवाळी ठरली, आणि त्या जेवणाला दादा तिथे होता. माझे पान मांडले होते की नाही, हे त्याने पाहिले असेल. गेल्या रविवारी मी त्याला फोनवर म्हटले, “दादा, तुला एक विचारायचं आहे.” तो म्हणाला, “विचार की.”

मी म्हणाले, “बघू, पुन्हा कधीतरी.”